बाबांना परत आल्यावर सांगू

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझी निळी सीट मधोमध खोल गेली आहे, डावा ब्रेक मनात आलं तरच लागतो आणि पुढचं उजवं चाक वळताना कुरकुरतं. मित्रांनो, तुम्ही मला इस्पितळात किंवा विमानतळावर पाहिलं असेल आणि घाईघाईने नजर दुसरीकडे वळवली असेल. त्याचा मला राग नाही. माझ्यावर बसायची वेळ येऊ नये असंच सगळ्यांना वाटतं. ज्याच्यावर ती येते, तो तर सुरुवातीला माझ्याशी धड वागतसुद्धा नाही.

नवी होते तेव्हा मला भारी तोरा होता. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्प गावच्या एका वृद्धाश्रमात मी दाखल झाले आणि एका उंच, ताठ डच आजींच्या वाट्याला आले. त्यांचा मुलगा दर रविवारी यायचा, मला बागेत फिरवायचा आणि म्हणायचा, “काय हलकी चालते ही!” त्या कौतुकावर माझा आठवडा जायचा.

मग २०२० चा वसंत आला आणि वृद्धाश्रमाचे दरवाजे बंद झाले. मुलगा बागेत, काचेच्या पलीकडे उभा राहून ओरडून बोलायचा. आजींना कमी ऐकू यायचं, म्हणून त्या नुसत्या मान हलवायच्या. एका सकाळी त्यांना उचलून नेलं आणि मी रिकामीच राहिले. हातमोजे घातलेल्या माणसांनी मला औषधाच्या पाण्याने धुतलं आणि कॉरिडॉरमध्ये नेऊन ठेवलं. तिथे माझ्यासारख्या आणखी होत्या. रोज एखादी वाढत होती.

पुढे मी आजाऱ्यांच्या वस्तू उसन्या देणाऱ्या एका दुकानात धूळ खात पडले. २०२२ च्या उन्हाळ्यात मला तिथून सिद्धार्थ आरोलकर घेऊन गेला. हा हूफडॉर्पमध्येच एका ऑफिसात काम करणारा, घाईत चालणारा, घाईत बोलणारा माणूस. खुर्ची त्याच्या वडिलांसाठी हवी होती. वासुदेवबाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. कोविडच्या पहिल्याच वर्षी त्यांची बायको, कुमुदिनी, पुण्यात वारली. विमानं बंद होती, सिद्धार्थला जाता आलं नाही. इस्पितळाच्या दारात एकट्याने ती बातमी ऐकून बाबा तिथेच कोसळले. मग छातीचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून चार पावलं टाकली की त्यांना धाप लागायची. “यापुढे त्यांना धक्का बसेल असं काही नको,” असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते वाक्य सिद्धार्थने मनात कोरून ठेवलं होतं.

बाबांनी पहिल्या दिवशी मला पाहून तोंड वाकडं केलं. “ह्या ढकलगाडीत मी बसणार नाही.” दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटपर्यंत बसले, तिसऱ्या दिवशी बागेपर्यंत. आठवड्याभरात माझ्या हातांवर बोटांनी ठेका धरून ते भजन गुणगुणू लागले. तुम्ही विचाराल, डच खुर्चीला मराठी कसं कळतं? अहो, ज्याचं वजन अंगावर येतं त्याची भाषा आपोआप कळते.

बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे. धाकटा भाऊ दत्ता अजून तिथेच होता, शाळेत मास्तर होऊन निवृत्त झालेला. दत्ताला २०२१ मध्ये कोविड झाला. तो बरा झाला, पण फुप्फुसं काही बरी झाली नाहीत. घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. दोघे भाऊ रोज सकाळी फोनवर बोलत. बाबा मोठ्याने विचारत, “काय रे दत्त्या, आज बाजारात म्हावरा काय?” आणि पलीकडून धापा टाकत टाकत बांगडा, मोरी, पेडवे अशी माशांची अख्खी यादी यायची. दत्ता बाजारात जात नव्हता, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. तरी रोज विचारायचे.

बाबांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. सिद्धार्थने ॲमस्टरडॅमहून सुटणाऱ्या जहाजाची सहल ठरवली. जहाज स्कॉटलंडच्या वर, शेटलंड बेटांवरच्या लर्विक नावाच्या बंदरात थांबणार होतं. मासेमारीचं गाव म्हटल्यावर बाबा लहान मुलासारखे खूश झाले. “धक्क्यावरून दत्त्याला फोन लावतो. म्हणावं, बघ, साहेबाचा बांगडा कसा असतो!” ब्रिटनच्या व्हिसासाठी त्यांनी कुरकुर न करता ठसे दिले, फोटो काढले, वाट पाहिली.

निघायच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी दत्ता गेला.

फोन सिद्धार्थला आला. मला घडी करून पॅसेजमध्ये, कोटांच्या खाली उभी करत असत, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं. घरातली खरी बोलणी पॅसेजमध्येच होतात.

“आत्ताच सांगू या,” त्याची बायको अपूर्वा म्हणाली. “त्यांचा सख्खा भाऊ आहे, सिद्धार्थ.”

“आणि त्यांना काही झालं तर? आईच्या वेळी मी नव्हतो. आता माझ्या घरात, माझ्या तोंडून ऐकून काही झालं तर?”

“मग निदान ट्रिप तरी रद्द कर.”

“का रद्द केली, काय सांगू? परत आल्यावर सांगू. शांतपणे, इथल्या डॉक्टरला, हाउसआर्त्सला विचारून. तोवर जहाजावर नेटवर्क नसतं, ते बरंच आहे.”

तो असा आवाज न करता रडत होता की मला त्याचा राग येईना. त्याने बाबांचा मोबाइल अपडेट करायचा म्हणून घेतला आणि बिघडला म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. बाबांनी स्वतःच्या मनाची समजूत घातली, “दत्त्या ओरडत असेल बघ मला. असू दे. एकदम धक्क्यावरून बोलू, तुझ्या मोबाइलवरून.”

जहाजावर मी त्यांना घेऊन चढले. चढण्यापूर्वी सगळ्यांच्या नाकात काडी घालून तपासलं. दुसऱ्या संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये बाबांसाठी केक आला. वेटर गोल करून टाळ्या वाजवत गायले. बाबांनी केक कापला, सिद्धार्थला भरवला, स्वतः दोन तुकडे खाल्ले आणि अपूर्वाला म्हणाले, “तू का नाही घेत गं?” ती पोट बिघडल्याचं सांगून उठली. जहाजावर आणखी एक मराठी कुटुंब होतं, नेदरलँड्समधल्याच टिलबर्गचं. सिद्धार्थ त्यांना लांबूनच टाळायचा. ते जेवायला आले की आम्ही उठायचो. मला वाटायचं, हा माणूस मला ढकलत नाही, मला घेऊन पळतो आहे.

लर्विकला जहाज धक्क्याला लागलं तेव्हा आभाळ खाली आलं होतं. करड्या दगडांची घरं, करडं पाणी, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी काढावं अशी थंडी. होड्यांजवळ माशांच्या पेट्या उतरत होत्या. बाबा पुढे वाकून बोटाने दाखवत होते, “तो बघ, तो बघ! आणि हा बांगडाच, अगदी बांगडा! सिद्धार्थ, लाव फोन दत्त्याला.”

“बाबा, इथे रेंज नाहीये.”

“त्या माणसाच्या कानाला काय मग, वांगं लावलंय?”

तेवढ्यात माझं कुरकुरणारं चाक दगडांच्या फटीत अडकलं. सिद्धार्थने दोनदा झटका दिला, मग ते तसंच सोडून तो अपूर्वाला घेऊन पेट्यांच्या पलीकडे गेला. वाऱ्यावर त्यांचे शब्द तुटक येत होते. “सांग... आत्ता...” “इथे? वेड लागलंय का?” बाबांना ते ऐकू गेलं नाही. ते माशांशीच बोलत होते, वेंगुर्ल्याच्या बोलीत, मोठ्याने.

टिलबर्गच्या बाईंनी ते ऐकलं. नाव सुरेखा. त्यांचा चेहरा उजळला. परक्या मुलखात आपली बोली कानावर पडली की आपल्या माणसाला राहवत नाही, आणि मग पहिला प्रश्न एकच असतो.

“खंयचे तुमी?”

“वेंगुर्ल्याचो!” बाबा जवळजवळ ओरडले.

“अगो बाय! माझं माहेर तिथलंच. वेंगुर्ल्यात खंय?”

“कॅम्पात. मी वासुदेव आरोलकर.”

“आरोलकर? म्हणजे दत्तामास्तरांचे कोण?”

“दत्त्या माझो धाकलो भाव!” बाबांची छाती फुगली ती मला पाठीला जाणवली.

सुरेखाबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. “काका, फार वाईट झालं हो. माझे बाबा गेले होते पोचवायला. सगळी शाळा आली होती म्हणाले. तुम्हांला इतक्या लांबून जाता आलं नसेल...”

मग त्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि धरलेला हात हळूच सोडला.

मित्रांनो, माणूस कोसळतो तेव्हा जड होतो असं तुम्हांला वाटेल. बाबा त्या क्षणी हलके झाले. माझ्यावर कुणी बसलं आहे हेच मला कळेना.

सिद्धार्थ धावत आला. बाबा रडले नाहीत, छातीला हात लावला नाही, काहीच झालं नाही. त्यांनी फक्त विचारलं, “केक कापला तेव्हा तुला ठाऊक होतं?”

“हो, बाबा.”

“माझा भाऊ गेलेला, त्याच्या दिवसांत मी गोड खाल्लं. टाळ्या वाजवून घेतल्या. आणि तू समोर बसून बघत होतास.”

“बाबा, तुमच्या तब्येतीला...”

“मला आंघोळ करायची आहे,” बाबा म्हणाले.

आपल्यात जवळचं माणूस गेल्याचं कळलं की डोक्यावरून पाणी घ्यावं लागतं. धक्क्यावर पेट्या धुवायचा नळ वाहत होता. कुणाला काही समजायच्या आत बाबा माझ्यावरून उठले, धापा टाकत तिथवर गेले आणि कोट-टोपीसकट त्याच्या खाली बसले. माशांच्या खवल्यांत, त्या गार पाण्यात. सिद्धार्थ ओढायला गेला तर त्यांनी त्याचा हात झिडकारला. पेट्या धुणाऱ्या कोळ्याने अपूर्वाकडे पाहिलं. ती कशीबशी म्हणाली, “हिज ब्रदर.” त्याने नळ हळूच बंद केला, स्वतःचं पिवळं रबरी जाकीट काढून बाबांच्या खांद्यावर टाकलं, सिद्धार्थला बाजूला सरकायला सांगितलं आणि त्यांना उचलून माझ्यावर बसवलं.

परतताना बाबा थंडीने खोकू लागले. जहाजाचा नियम असा की खोकला झाला की खोलीत बंद. तपासणीत काही निघालं नाही, तरी ॲमस्टरडॅम येईपर्यंत बाबांनी दार उघडलं नाही. आत बाबा आणि मी. बाहेर सिद्धार्थ दाराला कपाळ लावून, “बाबा, काहीतरी बोला,” म्हणत उभा असायचा. बाबा बोलायचे, पण दत्ताशी. बाजारात आज काय आलं होतं ते एकेक मासा आठवून सांगायचे आणि उत्तरासाठी थांबायचे.

उरलेले दिवस न घालवता ते पुण्याला परत गेले. विमानतळावर त्यांना तिथल्याच खुर्चीत बसवलं. मी पॅसेजमध्ये, कोटांच्या खाली राहिले. मला परत करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे चाकात हवा उरली नाही आणि ब्रेकवर गंज चढला.

मित्रांनो, आम्हा खुर्च्यांना थोडं तेल द्या, हवा भरा, पुसून ठेवा. आम्ही कुणाच्या ना कुणाच्या उपयोगी पडतोच. आणि जो आमच्यावर बसतो त्याचे फक्त पाय थकलेले असतात, हे लक्षात ठेवा. त्याचं दुःख त्याचंच असतं. ते त्याच्या हातात द्या आणि मग त्याच्याजवळ बसा. जपायचं म्हणून ते काढून घेऊ नका. ज्याच्याकडून ते काढून घेतलं त्याचा विश्वास परत कसा मिळवायचा, हे मला माहीत नाही. सिद्धार्थलाही नाही.

तो आता रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की बूटसुद्धा न काढता माझ्यावरच बसतो आणि पुण्याला फोन लावतो.

“बाबा, कसे आहात?”

“उत्तम.”

“धाप लागते का?”

“छे.”

“जेवलात?”

“हो, भरपूर.”

फोन ठेवला की तो बाबांच्या शेजारच्या शोभाकाकूंना लावतो. “काकू, खरं सांगा, बाबा कसे आहेत?”

“अगदी छान आहेत रे,” त्या म्हणतात. “तू तिकडे उगाच काळजी करू नकोस.”

सिद्धार्थ फोन ठेवतो आणि पुन्हा बाबांचा नंबर लावतो.