टाचणीखालची चिठ्ठी

मेहुणी दवाखान्यातून थेट प्रयोगशाळेत आली, तेव्हा तो भिंगाखाली डासाचा पंख पाहत होता. तासाभरात परततो, असं सांगून तो बायकोच्या उशापासून उठून आला होता.

"भावोजी, चला," ती म्हणाली. "ताई गेली."

त्याने आधी डबीचं झाकण लावलं. मग उठला.

पंधरवड्याने तो कामावर आला. बायकोला नेणारा हिवताप आपल्या गल्लीत शिरलाच कसा, हे त्याला शोधायचं होतं. तिथले डास निरुपद्रवी जातीचे आहेत, असं त्यानेच ठरवलं होतं. म्हणून गल्ली फवारणीच्या यादीत नव्हती.

आपल्याच ओसरीवर पूर्वी पकडलेला डास त्याने पेटीतून काढला, चिमट्याने त्याचा एक पाय तोडला आणि जनुकांच्या तपासणीला दिला.

प्रयोगशाळेच्या बाईंनी निकाल वाचून चष्मा काढला.

"हा तो नव्हे. हा हिवताप पसरवणारा."

"दिसतो तर हुबेहूब तसाच."

"पंख पुन्हा बघा."

पंखाच्या कडेला एक फिकट ठिपका जास्त होता. वीस वर्षं तो त्याला दिसत होता. खवले झडले असतील, असं धरून तो पुढचा डास घ्यायचा.

"पुस्तकातही या दोन्हींची एकच जात दिलीय," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना नव्या चिठ्ठ्या लावाव्या लागतील. तुमच्या ओसरीच्या डासाची राहू द्या, ती मी लिहिते."

"नको. सुरुवात तिथूनच."

पेटीतला प्रत्येक डास टाचणीवर होता आणि त्याखाली नखाएवढी चिठ्ठी होती. जात, जागा, तारीख, सगळं बायकोच्या हातचं. "तुमचं अक्षर डासाला पेलायचं नाही," म्हणत तिने पहिल्याच वर्षी त्याच्याकडून पेन काढून घेतलं होतं.

संध्याकाळी मुलगी त्याला न्यायला आली.

"बाबा, आईची चिठ्ठी काढणार?"

"जुनी काढत नाहीत. नवी तिच्या खाली लावायची."

"मग द्या, मी लिहिते. तुम्ही लिहायचं तर खिळाच ठोकावा लागेल."

तो हसला, पण पेन सोडलं नाही.

"जातीचं नाव मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "आईने फक्त लिहिलं."

चौथ्या कागदावर नाव मावलं. बाईंनी गल्ली फवारणीच्या यादीत घातली.

भिंतीलगतच्या कपाटात आणखी चौदा पेट्या आहेत, एकेका गल्लीची एकेक. त्यातला एकही डास अजून तपासलेला नाही.