मागचं दार

घरातलं माणूस गेलं की आपण सगळेच त्याचा आवाज शोधत बसतो. चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या शेषगिरींना पत्नीची, कनकाची, एकच कॅसेट सापडली. तीस वर्षांपूर्वीच्या गाण्याच्या शिकवणीची. कनका देवळांच्या उत्सवांत गात असे. वर्षश्राद्धानंतर ही कॅसेट चार लोकांना ऐकवायची, असं त्यांनी ठरवलं.

पण कॅसेटवर आधी दुसराच आवाज होता. कनकाला गाणं शिकवणाऱ्या वाणीअम्मांचा. लग्नाशिवाय एका जमीनदाराच्या घरी राहिलेली बाई! सिनेमात अशा गाणाऱ्या बाईला संसार मोडणारी दाखवतात, आणि संगीतसभांच्या स्मरणिकांत तिचं नावच येत नाही. शेषगिरींनीही कनकाच्या कार्यक्रमांच्या पत्रिकांत कायम 'शिक्षण घरीच' असंच छापलं होतं. नुंगंबाक्कमच्या स्टुडिओत त्यांनी सांगितलं, "त्या बाईचा आवाज तेवढा काढून टाका."

रविवारी शेषगिरी आणि त्यांची मुलगी हरिप्रिया स्टुडिओतून आलेली कॅसेट ऐकायला बसले. कनका एक ओळ गाई, थांबे. पुन्हा तीच ओळ. मध्येच हसे.

"अप्पा, आई वेड्यासारखी एकटीच हसते आहे," हरिप्रिया म्हणाली.

"तू गाणं ऐक."

"गाणं कुठे ठेवलंत? अर्धं कापून टाकलंत! वाणीअम्मा कुणाच्या घरी राहिल्या ते सगळे चघळतात. तो जमीनदार मात्र संगीतसभेचा अध्यक्ष झाला, त्याला कुणी काही विचारलं?"

"लोक काय म्हणतील, पोरी..."

"लोक आईला वाहवा म्हणायचे. ती वाहवा कुणाची होती, अप्पा?"

तेवढ्यात कनका बोलली, "अम्मा, आज तरी पुढच्या दारानं जा ना!"

पुढे टेप नुसतीच फिरत राहिली; अम्मांचं उत्तर काढून टाकलेलं होतं. शेषगिरींनी मान खाली घातली. वाणीअम्मांनी मागच्या दारानंच यायचं-जायचं, हा नियम त्यांचाच होता.

"मूळ कॅसेट लाव," ते म्हणाले.

आता अम्मांचं उत्तर ऐकू आलं. "नको गं. तुझ्या नवऱ्याचा मान राहू दे. उद्या तीच ओळ, पण सावकाश."

अरेरे! जिला त्यांनी कधी मान दिला नाही, ती त्यांचा मान जपत होती! आणि आता क्षमा मागावी, तर दोघीही हयात नव्हत्या.

कार्यक्रमाच्या पत्रिकेवर पहिलं नाव वाणीअम्मांचं छापलं गेलं. कॅसेट सबंध वाजली. ती चालू असतानाच मेहुणे सुधींद्र उठून गेले. शेषगिरींनी त्यांना थांबवलं नाही.

मंडळी, बाईच्या गाण्याला आपण टाळ्या वाजवतो आणि तिच्या जगण्याबद्दल कुजबुजतो. जिच्याकडून विद्या घेतली, तिचं नाव ती जिवंत असतानाच मोठ्यानं घ्या. शेषगिरींना उशीर झाला. तुम्ही करू नका.