दोराचं टोक

खुंटी बोटभर बाहेर आली होती... तुळई खांबाला मिळते तिथली ओकची खुंटी, वर्षानुवर्षांच्या धुराने काळी, पण नुकतं उघडं पडलेलं अंग मधासारखं पिवळं. हावीस खालून बघत राहिली. सकाळपासून विमार्क सुतार खांबाचा कुजलेला बुंधा कापत होता. तुळई दोन टेकूंवर तोलली होती, तुळईवर सगळं छप्पर, आणि खाली तिचा नवरा थर्स्टन नवं लाकूड सरकवायला गुडघ्यांवर बसलेला.

"वहिनी, दोर धरा जरा," विमार्क म्हणाला. "सगळे कापणीला गेलेत. खांब बाहेर कलला नाही पाहिजे, बस."

"मी?"

"दोराला समोरच्या खांबाचा वेढा दिलाय, ताण तोच घेईल. लहान पोरसुद्धा धरेल."

लहान पोर, हावीसच्या मनात आलं — नऊ वर्षांची होते मी. आमच्याच घराचा सांगाडा उभा करत होते, बाप्ये काठ्या लावून रेटत होते, आम्ही बायकापोरी दोराच्या शेवटाला... तळवे भाजले आणि मी सोडला. पुढच्या बायका घसरल्या, सांगाडा फिरला, बाबा त्याच्याखाली. दोर ओला होता, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणाले, नंतर थर्स्टनलाही.

"थर्स्टन, आधी बाहेर ये."

"आता कशाला? इथून एकदाच उठेन, कंबर गेलीये माझी." तो हसला. "तू धर. तू असलीस की मला काळजी नाही."

तिने दोर धरला. विमार्कने पाचर ठोकली, तुळई कण्हली, वरून काजळी भुरभुरली आणि खांब कलू लागला तसा दोर तळव्यांतून इंचभर सरकला — तीच आग, तीच जागा. सोड, हात म्हणाले. तिने दात आवळले, डोळे मिटले. घणाचे ठोके ती मोजत नव्हती, ते संपत नव्हते...

"बसला. सोडा वहिनी."

तिला सोडता येईना. थर्स्टन उठून आला आणि तिची बोटं एकेक करून उकलू लागला. तळव्यावर रक्त होतं.

"हे काय गं? इतकी कसली भीती?"

केसांत लाकडाचा भुसा घेऊन तो समोर उभा होता, जिवंत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते वाक्य — दोर ओला नव्हता, मी सोडला — तिच्या ओठांपर्यंत आलं. छपराचा विचारही मनात उरला नव्हता. आता भीती होती ती तो पुन्हा विचारील याची — आणि त्याहून जास्त, विचारायचं सोडून देईल याची.