सातव्या घरचा वाटा

"पाचच," मी म्हणालो. "कितीही मोजलंस तरी पाचच निघणार, नर्सबाई."

हायकानुशनं हंड्यावरचा फेस काढून बाजूला झटकला. "तू मेंढा नीट शिजव, आर्शो. घरं मी बघते."

नवस तिचा होता. तिचा एकुलता एक सेवाक रशियात छातीच्या ऑपरेशनला आडवा झाला, तेव्हा तिनं डोंगरावरच्या पडक्या चर्चला मेंढा कबूल केला. पोरगा वाचला. आता नुसत्या मिठात शिजवलेलं हे मांस सात घरी पोचायला हवं, तेही आजच, कारण नवसाचं मांस रात्रभर ठेवायचं नसतं. आमचे आर्मेनियन आजे तुर्कांच्या कत्तलीतून, तिकडच्या मुश गावाहून जीव घेऊन पळत इथं आले, त्यांच्या काळी वाटा मिळाला नाही म्हणून लोक रुसायचे. पुढं भूकंप झाला, मग कामं गेली, आणि घरांना कुलपं लागत गेली. आमच्याकडं धुराडं पेटतं तेच घर धरतात. तिचं सोडून पाचच पेटत होती.

फोनवर सेवाकनं सोपा उपाय सुचवला होता. "आई, एकाच घरी दोनदा दे की. कोण मोजतंय?"

"ज्यानं तुला जिवंत ठेवलं तो मोजतोय," असं म्हणून तिनं फोन ठेवला. चाळीस वर्षं गावाला इंजेक्शनं दिली, पण 'दुखणार नाही' असं तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. ती पाचाला सात कशी म्हणेल?

पाच घरं दुपारीच झाली. मग ती वरच्या कुरणाकडं निघाली. तिथं घळींत अजून बर्फ होता आणि यझिदी मेंढपाळाचा तंबू होता.

"तंबू घरात धरतात का?" मी धापा टाकत विचारलं.

"धूर येतोय ना? मग चल गुमान."

मेंढपाळाच्या बायकोनं दोन्ही हातांनी वाटा घेतला आणि रिकामं भांडं परत कसं द्यायचं म्हणून त्यात चीज घातलं.

उतरताना ऊन कललं. "खालच्या गावी जाऊ, जीप काढतो," मी म्हणालो.

"आपला मेंढा आपल्या गावात."

तिनं एप्रनच्या खिशातून किल्ली काढली. लग्न होईल म्हणून सेवाकनं तिच्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या होत्या. तो रशियाला गेल्यापासून त्या बंदच होत्या. तिनं खिडकी उघडली, मेलेल्या माश्या झाडल्या, शेगडीत लाकडं घातली. धुराडं आधी खोकलं, मग धूर सरळ वर गेला.

तेवढ्यात पलीकडची म्हातारी मार्गुश काठी आपटत धावत आली. "सेवाक आला का गं? धूर दिसला!"

मी तिला बसायला स्टूल सरकवलं.

"नाही आला," हायकानुश म्हणाली. "येणारही नाही. तिकडंच घर घेतलंय त्यानं." हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं.

"अगं, मग पेटवलंस कशाला?"

"त्याचं इथलं घर आहे, म्हणून. बस आता, गार होतंय."

सातवा वाटा आम्ही तिघांनी तिथंच बसून खाल्ला. हायकानुश मधूनमधून उठून शेगडीत लाकूड सारत होती, जेवण झाल्यावरसुद्धा.