शेगडीवाचून तापलेला पोटपट्टा

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुना पोटपट्टा आहे; बाळंतिणीचं पोट बांधायचं मऊसूत फडकं. आधी मी मुकुंदवाडीच्या केसरबाईंचं हिरवं लुगडं होतो. धुऊन धुऊन विरलो, तेव्हा त्यांनी मला फाडून पट्टा केला. लेक मंजुषा झाली तेव्हा त्यांनी माझ्यानंच आपलं पोट बांधलं. नंतर मात्र मी ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहिलो. कुणी साधी विचारपूस केली नाही.

यंदा मंजुषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मुकुंदवाडीला आली. मुलगी झाली आणि माझे दिवस पालटले! केसरबाई रोज बाजेखाली शेगडी ठेवून लेकीला शेक देत, मग मला तिच्या पोटाला गुंडाळत.

एके दिवशी मंजुषा म्हणाली, "आई, पोटात लई कळा येऊ लागल्यात."

"पाजताना येत्यातच गं. पट्टा सैल झाला आसंल, वारं शिरतंय," असं म्हणत केसरबाईंनी मला करकचून आवळलं.

पाजून झालं तरी कळ थांबेना. ती पुन्हा बोलली, पुन्हा मला आवळलं. मग पोरगी गप्पच बसली. बोललं की गाठ घट्ट होते, हे तिला कळून चुकलं होतं. मला सगळं कळत होतं, पण फडक्याला कुठलं तोंड!

दुसऱ्या दिवशी कोळसे संपले म्हणून शेगडी पेटलीच नव्हती. केसरबाईंनी मला सोडायला हात लावला आणि दचकल्या. "आगं, शेगडी न्हाय, आन् फडकं एवढं गरम कसं? तुला ताप हाय व्हय?"

मंजुषाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

वडील अप्पारावांनी लगेच रिक्षा काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भपिशवीत जंतू झालेत. वेळेत आणलंत म्हणून बरं." सलाईन लागलं, औषधं सुरू झाली. ताप उतरला, कळा थांबल्या.

घरी आल्यावर "ह्या फडक्याच्या नादात लेकीचं दुखणं दिसलं न्हाय मला," म्हणत केसरबाई मला चुलीत घालायला निघाल्या. मंजुषानं त्यांचा हात धरला. "नाय आई, माझं दुखणं तुला ह्यानंच सांगितलं."

मित्रांनो, त्या एका वाक्यानं माझ्या जन्माचं सोनं झालं. तुमच्या घरी कुणी बाळंतीण "दुखतंय" म्हणाली, तर गाठ आवळण्याआधी तिचं ऐकून घ्या, अंगाला हात लावून बघा आणि दवाखान्यात न्या.

आता माझी घडी बाळाच्या उशाला असते. पोर झोपेत तोंड वेडंवाकडं करते आणि मंजुषा पोट धरधरून हसते. आता काही दुखत नाही तिला.