तास चालू आहे

पडद्यावरच्या टोपीवाल्या मुलीने टोपी पुन्हा नाकापर्यंत ओढून घेतली आणि ती गप्प बसली.

"व्हेअर इज माय फ्रेंड?" तिला शिकवणारीने हात कपाळावर आडवा धरून, लांबवर काहीतरी शोधत असल्यासारखं विचारलं. आधी टेबलाखाली बघितलं, मग स्वतःच्या मागे बघितलं. टोपीतून हसू आलं, पण शब्द आला नाही. मुलीच्या शेजारी कुणाचं तरी कोपर दिसत होतं. ती मुलीची आई. ती कधी बोलायची नाही, पण तास संपल्यावर तो कसा झाला याचे तारे तीच द्यायची.

तेवढ्यात इकडे घराच्या दारावर टकटक झाली. घरातली घंटा त्यांनी कधीच काढून टाकली होती, पण माणसांची बोटं कशी काढणार? डोळ्याच्या कडेने तिला दिसलं, सासूबाई पलंगावरून उठल्या, चपला हातात घेतल्या आणि भिंतीला धरून अनवाणी दाराकडे गेल्या. दार उघडण्याआधीच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं. पार्सलवाला पोरगा सरावाचा होता. त्यानेही मुक्यानेच पार्सल दिलं आणि मुक्यानेच सही घेतली. हे सगळं होत असताना तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागचं हललं नाही. ते हसू आता तिचं राहिलं नव्हतं. कॅमेऱ्याचा दिवा लागला की ते आपोआप लागायचं.

हे काम नवऱ्याच्या एका सोबत्याने सुचवलं होतं. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा तिने शाळेतली नोकरी सोडली होती. सासरे गेले, पण तोवर सासूबाईंचे गुडघे गेले आणि वर चक्कर यायला लागली. तिची स्वतःची मुलगी दुसऱ्या शहरात शिकायला होती. तेव्हा घरबसल्या, आपल्या सोयीने, परदेशातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं यापेक्षा चांगलं काय असणार? काम एकदम लवचिक, असं तो सोबती म्हणाला होता. ते खोटं नव्हतं. फक्त वाकायचं तिने होतं. तिकडची मुलं शाळेला निघण्याआधी शिकायची, म्हणून हिने उजाडायच्या आत केस विंचरून बसायचं. मग तिकडची शाळा सुटली की पुन्हा बसायचं. मधले तास तिचे. पण त्या तासांवरही ज्याची त्याची नावं होती. "तू घरीच असतेस ना," असं म्हणून शेजारीण किल्ली ठेवून जायची, नणंद आपली कामं सांगायची, आणि पार्सलं तर अख्ख्या इमारतीची यायची.

शिकवताना चौकटीबाहेर जायचं नाही, दुसऱ्या कुणाचा आवाज येऊ द्यायचा नाही, असा कंपनीचा नियम होता. तारे कमी झाले की नाव यादीत खाली घसरायचं, आणि एकदा तळाला गेलं की तिथे कोणी शोधायला येत नसे. कॅमेऱ्यात दिसतो तेवढाच कोपरा तिने पिवळा रंगवला होता. तिथे कागदाची अक्षरं आणि एक कापडी घुबड होतं. त्या पिवळ्याच्या हातभर पलीकडे इस्त्रीचे कपडे, औषधं, सासूबाईंचा चार पायांचा आधार, सगळा संसार भिंतीला टेकून उभा होता.

मुलांना घेता येईल असं सोपं नाव ठेवा, असं कंपनीने सांगितलं तेव्हा तिने 'मे' ठेवलं. सासूबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "तू मे, तर मग मी जून." आणि स्वतःच हसल्या.

त्यांचं हसणं पूर्वी रस्त्यापर्यंत जायचं. सगळा जन्म त्यांनी बाजारात फळं विकली होती. त्यांनी हाक दिली की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक मागे वळायचं. शेजारचा भांडीवाला म्हणायचा, बाईंच्या गळ्यात देवाने कर्णा बसवून पाठवलाय. सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी एकदा अशीच आतून हाक मारली होती, "अगं, दूध उतू चाललंय." एवढंच. पण कुठल्यातरी आईने तक्रार केली आणि दोन आठवडे एकही मूल आलं नाही. सून त्यांना रागावली नव्हती. "आई, तास चालू असताना जरा..." असं म्हणून थांबली होती. पुढचं त्यांनी स्वतःच पूर्ण केलं. रेडिओ बंद झाला. बहिणीशी फोनवर त्या न्हाणीघरात दार लावून कुजबुजत. शिंक आली तर उशीत तोंड घालत. हळूहळू तास नसतानाही त्या हळूच बोलू लागल्या.

त्या दिवशी टोपीवालीचा तास संपला आणि फोन वाजला. तिच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. तिसरीच्या बाई नोकरी सोडून चालल्या होत्या, नव्या सत्रापासून येशील का, असं त्या विचारत होत्या. दुसऱ्या कुणाला विचारण्याआधी तुलाच विचारतेय, असंही म्हणाल्या. तिने विचार करून सांगते म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ती खिडकीशी उभी राहिली. तिला आठवत होते ते मुलांचे पाय. शाळेतल्या मुलांना पाय असतात. ती धावतात, पडतात, बाकाखाली एकमेकांना लाथा मारतात, बुटाची नाडी सुटली की येऊन पाय पुढे करतात. इथली मुलं छातीपाशी संपत होती.

जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. तो गोदामात पाळीवर काम करायचा, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, आणि घरी आला की अर्धा झोपेतच असायचा. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "बघ, तुझं तू ठरव." आणि थोड्या वेळाने, घास गिळून, "पण आईचं कसं करायचं?" त्याचं 'तुझं तू ठरव' हे नेहमी असंच असायचं, दार उघडायचं आणि बाहेरून कडी घालायची. तिने ताटं उचलली.

बोलल्या त्या सासूबाई. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर त्या म्हणाल्या, "जा तू शाळेत. मी काय पाळण्यातली आहे? माझं मी करीन."

"आई, तुम्हाला चक्कर येते."

"येते तशी जाते. एवढी वर्षं डोक्यावर टोपली घेऊन उभी राहिले ती काय तुझ्या जिवावर?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ, मला चार दिवस दे. मी करून दाखवते. नाही जमलं तर राहू दे."

आणि त्यांनी खरंच सराव सुरू केला. मुद्दाम तास चालू असतानाच, म्हणजे सून धावून येणार नाही. एकट्या न्हाणीघरात जाऊन यायच्या, स्वतःची औषधं स्वतः घ्यायच्या, खिडक्या लावायच्या. एकेक काम पार पडलं की पिवळ्या भिंतीच्या पलीकडे उभ्या राहून अंगठा वर करायच्या. सून कॅमेऱ्याकडे बघत हसायची, आणि त्या दिवसांत तिचं हसू थोडं तिचंही होतं. तिने मुख्याध्यापिकांना होकार कळवला. सोमवारी जाऊन कागदपत्रं पुरी करायची होती. कपाटातून शाळेचे कपडे काढून तिने उन्हात टाकले. नवऱ्याने ते वाळत घातलेले बघितले आणि "बरं," एवढंच म्हणाला.

शेवटचं राहिलं होतं ते चहाचं. गॅसपाशी उभं राहून चहा करायचा आणि कप हातात घेऊन खोलीत यायचं. ते सासूबाईंनी शुक्रवारी करायचं ठरवलं होतं.

शुक्रवारी दुपारी टोपीवालीचा तास होता, आणि मुलीने त्या दिवशी टोपी काढून ठेवली होती. पहिल्यांदाच तिचे केस दिसले. तिने पुस्तक पुढे ओढलं आणि बोट ठेवून, अडखळत, पण मोठ्याने वाचायला लागली. शेजारचं कोपर पुढे सरकलं. आईचा अर्धा चेहराही दिसायला लागला.

तेव्हा स्वयंपाकघरातून धप्प आवाज आला. मागोमाग काहीतरी घरंगळत गेलं.

तिने कान टवकारले. पुढे काहीच नाही. भांडं पडलं असेल. त्या पडल्या असत्या तर हाक मारलीच असती, तो गळा काय गप्प बसणार होता? टोपीवाली पान उलटत होती. मधे थांबवलं तर पुन्हा कधी वाचेल कोण जाणे. तिने मान डोलावली, "गुड, गो ऑन," म्हणाली. मुलीने गोष्ट शेवटपर्यंत वाचली. तिने टाळ्या वाजवल्या, घुबडालाही टाळ्या वाजवायला लावल्या, हात हलवून निरोप घेतला आणि पडदा काळा झाल्यावर ती उठली.

सासूबाई ओट्याखाली कुशीवर पडल्या होत्या. गॅस बंद केलेला होता. पातेलं दारापाशी पालथं होतं आणि चहा फरशीभर पसरून थंड झाला होता. त्यांच्या तोंडात ओटा पुसायचं फडकं होतं, दातांत गच्च धरलेलं. चेहरा घामाने निथळत होता. तिने गुडघ्यांवर बसून फडकं ओढून काढलं.

"संपला का तास?" सासूबाईंनी विचारलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ पडून होत्या. तिने सांगितलं. त्यावर ते म्हणाले की त्याने हाडात काही फरक पडलेला नाही, ते पडतानाच मोडलं होतं. ते तिला धीर द्यायला म्हणाले असणार, पण तो धीर तिला कुठे ठेवावा ते कळेना. नवरा कामावरून तसाच आला होता. बाकावर शेजारी बसून राहिला. तिला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. मग त्याने हळूच विचारलं, "शाळेला कळवलंस?"

"कळवते," ती म्हणाली.

मुख्याध्यापिका फोनवर फार चांगलं बोलल्या. जीव सांभाळ, शाळा काय कुठे पळून जात नाही, पुढे बघू, असं म्हणाल्या. त्या 'पुढे'त काही नव्हतं हे दोघींनाही माहीत होतं. शाळेचे कपडे तिने घडी करून होते तिथे ठेवले.

ऑपरेशन झालं. सासूबाई घरी आल्या त्या थेट खाटेवरच. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण चालण्याचं बघायला लागेल. खाट तिने शिकवायच्या खोलीतच आणली, पिवळ्या भिंतीसमोर, कॅमेऱ्याच्या पाठीमागे, म्हणजे मान वर केली की त्या दिसतील. पहिल्याच दिवशी तिने त्यांच्या उशाशी बसून बजावून सांगितलं, काहीही लागलं तरी हाक मारायची, तास गेला खड्ड्यात. सासूबाई "बरं" म्हणाल्या. हाताशी वाटी आणि चमचा ठेवला, वाजवायला. त्या वाटीवर धूळ बसायला लागली. तास संपला की त्या म्हणायच्या, जरा कूस बदलून दे. किंवा, पाणी. कधीपासून लागलं होतं ते सांगायच्या नाहीत. दिवसभर पडल्या पडल्या त्या पडद्याकडे बघत राहायच्या. पडद्याची उलटी बाजू होती ती, पण कपाटाच्या काचेतल्या प्रतिबिंबात त्यांना मुलं दिसायची. तिकडची मुलं त्यांना आवडायची. कोण आज आलं नाही, कुणाचा दात पडला, हे त्या संध्याकाळी लेकाला हळूच सांगायच्या. तो ऐकून घ्यायचा.

मग एक नवा मुलगा आला. फार शिस्तीचा. एक वाक्य बोलायचं तरी आधी हात वर करायचा, आणि ती "येस," म्हणेपर्यंत तसाच धरून ठेवायचा. एका दुपारी तो पडद्यावरच्या चित्राबद्दल काही सांगत होता आणि तिने सहज समोर बघितलं.

सासूबाईंनी हात वर केला होता.

कोपर उशीवर टेकवलेलं, पंजा उघडा, बोटं जुळलेली. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या, समोर बघत होत्या, वर्गात बघतात तसं. हात खाली येत नव्हता. किती वेळ वर होता, तिला माहीत नव्हतं.

ती उठली. पडद्यातल्या मुलाने वाक्य मधेच सोडलं. "टीचर?" त्याने विचारलं. मग थोडं थांबून पुन्हा, "टीचर मे?"

तिने पेला भरला, सासूबाईंच्या मानेखाली हात घातला आणि डोकं उचलून धरलं. "हळू प्या, आई," ती मोठ्याने, आपल्या भाषेत म्हणाली.

पण त्या हळू पीत नव्हत्या. डोळे तिच्या रिकाम्या खुर्चीकडे लावून, हनुवटीवरून ओघळ येत असताना, ठसका लागेल इतक्या घाईने त्या घटाघटा पाणी संपवत होत्या.