बारशाचा तास

बियाणं विकणाऱ्या दुकानदारांना कंपन्या कुठं कुठं फिरवतील याचा नेम नाही. सौंसरच्या वीरेंद्रचं कृषी केंद्र यंदा जोरात चाललं, तर कंपनीनं त्याला बायकोसकट सिंगापूरहून क्रूझवर धाडलं. दीपालीला मात्र नेमकं त्याच आठवड्यात पांढुर्ण्याला माहेरी हवं होतं. भावाला आठ वर्षांनी मुलगी झाली होती, आणि बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा.

"फोनवरून सांग," आई म्हणाली होती. "पन बाराचा मुहूर्त चुकला तं बाळाची मावशीच सांगन नाव." मावशीचा उत्साह दीपालीला चांगला ठाऊक होता.

बोटीवर चढताच वीरेंद्रनं हिशेब सांगून टाकला. सिंगापूर आपल्यापुढं अडीच तास, म्हणजे तिथले बारा तर इथले अडीच. तिनं ते तळहातावर लिहूनच घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत चिठ्ठी आली, की रात्री बोटीची घड्याळं एक तास मागं घेतली आहेत.

"घंटाभर जास्त झोपलो न, फुकटात!" वीरेंद्र खूश.

दीपालीच्या डोक्यातून मात्र तो तास जाईना. फुकट तर बाजारात कोथिंबीरसुद्धा मिळत नाही आता. मग हा तास आला कुठून? जेवताना तिनं विचारलंच.

"अहो, आपलं घड्याळ मांगं गेलं. पांढुर्ण्याचं गेलं काय?"

"ते काहून जाईन?"

"मंग अंतर अडीच तासाचं कसं राहीन? दीडच राहिलं न!"

वीरेंद्रनं घड्याळाकडं पाहिलं. भिंतीवर एक पंचवीस झाले होते, म्हणजे तिकडं बाराला पाचच मिनिटं.

फोनला रेंज फक्त वरच्या मजल्यावर. दीपाली साडी सावरत जिना चढत सुटली. तिला पळताना पाहून त्याच सहलीत आलेल्या लोधीखेड्याच्या दुकानदाराची बायको, चंचलवहिनी, आइस्क्रीम टाकून मागं धावली. काय झालंय हे तिला ठाऊकही नव्हतं.

फोन लागला तेव्हा मावशी पाळण्यावर वाकलेलीच होती.

"थांबा व! मी आली!"

आईनं फोन बाळाच्या कानाशी धरला. "कुर्रर्र... रेवा!" बाळानं टक्क डोळे उघडले. तिकडं बायका हसल्या. मग स्पीकरवर आईचा आवाज जरा पडला.

"नाव तं झालं, माय. पन आत्याच्या पाठीत बुक्के कोन मारन?"

नाव सांगणाऱ्या आत्याला बुक्के मिळाले नाहीत तर ते बारसं कसलं! दीपालीला एकदम माहेर फार लांब वाटलं, डोळे भरून आले.

तेवढ्यात पाठीत धाडकन बुक्का बसला. मागं चंचलवहिनी उभी, अजून धापा टाकत.

"हा लोधीखेड्याचा," म्हणत तिनं दुसरा हाणला.

दीपाली रडता रडता हसली आणि तिनं पाठ आणखी वाकवली.